उंबरठ्याच्या आतील मदत : गृहभेटी आणि बालसंगोपन

मूल सहा वर्षांचे झाले की त्याचे नाव शाळेच्या हजेरीपटावर येते. तीन वर्षांचे झाले की अंगणवाडीत त्याची बसण्याची जागा ठरते. त्याआधीची तीन वर्षे मात्र ते जवळजवळ सर्वस्वी घरातच असते. लसीकरणाचा दिवस, वजन घेण्याचा दिवस आणि आजारपणातील दवाखान्याची फेरी एवढे प्रसंग सोडले, तर कोणतीही सार्वजनिक संस्था त्या मुलाला पाहत नाही. मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते ती नेमकी याच काळात. भाषेचा पाया, माणसांवरचा विश्वास, कुतूहल आणि स्वतःला आवरण्याची शक्ती यांची घडणही याच काळात सुरू होते. या वर्षांत जे राहून जाते ते पुढे भरून काढणे शाळेला फार अवघड जाते, हा प्राथमिक शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे.

म्हणूनच मूल संस्थेकडे येईपर्यंत न थांबता संस्थेनेच मुलाच्या घरी जावे, हा विचार जगभर पुढे आला. प्रशिक्षित कार्यकर्तीने गरोदरपणापासून किंवा बाळाच्या जन्मापासून ठरावीक दिवशी घरी जाणे, आईवडिलांशी बोलणे, बाळाला तपासणे आणि संगोपनाच्या कामात त्या कुटुंबाला हाताशी धरून मदत करणे, या कार्यपद्धतीला गृहभेट म्हणतात. या पद्धतीने काय साधते, काय साधत नाही आणि कोणत्या अटींवर साधते, याचा अभ्यास गेल्या अर्धशतकात झालेला आहे. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांना तो उपयोगी पडावा, असा आहे.

जोखमीचे कुटुंब म्हणजे कोणते?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जोखमीचे कुटुंब म्हणजे वाईट कुटुंब नव्हे. आई फार लहान वयाची आहे, बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मले आहे, घरात कमावते माणूस नाही, वडील व्यसनी आहेत, आईला मारहाण होते, कामासाठी कुटुंबाला वर्षातील काही महिने गाव सोडावे लागते, मुलाला जन्मतः काही व्यंग आहे, किंवा बाळंतपणानंतर आईचे मन खचले आहे, अशा घरांत संगोपनाचे ओझे आईवडिलांच्या शक्तीपेक्षा जास्त होते. माया कमी नसते. उसंत, माहिती आणि आधार कमी असतो. जोखीम परिस्थितीत असते, माणसात नव्हे, हे कार्यकर्तीला पटलेले असेल तरच त्या घराचे दार तिच्यासाठी दुसऱ्यांदा उघडते.

गृहभेटीची कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर आणि सॅल्फर्ड या गिरणगावांत १८६२ साली गरीब वस्त्यांत घरोघर जाऊन स्वच्छता व बालसंगोपनाची माहिती देणाऱ्या स्त्रिया नेमण्यात आल्या आणि त्यातूनच पुढे त्या देशातील आरोग्यभेट सेवा उभी राहिली. महाराष्ट्रातही हा विचार परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दात ही वाटचाल साठवलेली आहे. पुढे एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला.

एल्मायराचा प्रयोग

गृहभेटींच्या परिणामांचे शास्त्रशुद्ध मोजमाप करणाऱ्या प्रयोगांत अमेरिकेतील एल्मायरा येथील प्रयोगाचा उल्लेख नेहमी होतो. न्यूयॉर्क राज्यातील हा निमग्रामीण भाग गरिबीने ग्रासलेला होता आणि बालकांच्या छळाच्या व हेळसांडीच्या नोंदी तेथे बऱ्याच होत्या. डेव्हिड ओल्ड्स या मानसशास्त्रज्ञाने शिक्षण संपल्यावर बाल्टिमोर शहरातील एका पाळणाघरात काम केले होते. काही मुलांच्या बाबतीत पाळणाघरात येईपर्यंतच फार उशीर झालेला असतो, असे त्यांना तेथे दिसले. मदत गरोदरपणातच सुरू व्हावी, या विचारापर्यंत ते अशा रीतीने आले.

१९७८ ते १९८० या काळात एल्मायरा येथे पहिलटकरीण असलेल्या ४०० स्त्रियांची या अभ्यासासाठी नोंद झाली. त्यांतील बहुतेकजणी अल्पवयीन, अविवाहित किंवा गरीब होत्या. काही स्त्रियांना नेहमीच्या सेवा मिळाल्या. काहींच्या घरी मात्र प्रशिक्षित परिचारिका जात असे. मूल दोन वर्षांचे होईपर्यंत भेटी मिळालेल्या गटात गरोदरपणात सरासरी ९ आणि जन्मानंतर सरासरी २३ भेटी झाल्या. परिचारिका तीन गोष्टींवर लक्ष ठेवीत असे : गरोदर स्त्रीचे स्वतःचे आरोग्य, बाळाची निगा आणि त्या स्त्रीचे पुढील शिक्षण, रोजगार व पुढच्या अपत्याचा विचार. आजी, पती किंवा मैत्रीण यांनाही ती या कामात सामील करून घेई.

१९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सर्वाधिक जोखमीच्या गटातील, म्हणजे गरीब, अविवाहित व अल्पवयीन मातांच्या मुलांचे चित्र विशेष बोलके होते. पहिल्या दोन वर्षांत छळ किंवा हेळसांड झाल्याचे सिद्ध झालेली मुले नेहमीच्या सेवा मिळालेल्या घरांत १९ टक्के होती. परिचारिकेच्या भेटी झालेल्या घरांत ती ४ टक्के होती. हा गट लहान होता, त्यामुळे या आकड्यांकडे सावधपणे पाहिले पाहिजे. पण मुले १५ वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहणी झाली, तेव्हा भेटी मिळालेल्या मातांविरुद्ध अशा सिद्ध नोंदी जवळपास निम्म्याच आढळल्या. भेटी थांबून तेव्हा तेरा वर्षे झाली होती. घराला लागलेले वळण भेटी संपल्यावरही टिकू शकते, हा या प्रयोगाचा खरा धडा होय.

जमैकातील खेळणी

एल्मायरा श्रीमंत देशातील गाव होते. साधने तुटपुंजी असलेल्या देशात हे कसे साधावे, याचे उत्तर जमैकाने दिले. राजधानी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये ९ ते २४ महिने वयाची, उंची खुंटलेली १२९ मुले निवडण्यात आली आणि त्यांचे चार गट करण्यात आले. एका गटाला दर आठवड्याला एक किलो दूधयुक्त पूरक आहार मिळाला. दुसऱ्या गटाच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा सुमारे तासभर जाऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवीत असे. तिसऱ्या गटाला आहार आणि खेळ दोन्ही मिळाले. चौथ्या गटाला यांपैकी काही मिळाले नाही. हा उपक्रम दोन वर्षे चालला. सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर, क्रिस्टीन पॉवेल आणि सुझन वॉकर यांनी त्याचा अभ्यास केला आणि पहिले निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

या प्रयोगातील एक तपशील प्रशासनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. आजारपणाची नोंद घेण्यासाठी आरोग्यसेविका चारही गटांच्या घरी दर आठवड्याला जात होत्या. दार चारही घरांचे वाजत होते. मुलांच्या बौद्धिक विकासात जो फरक पडला, तो केवळ दार वाजल्याने व नोंद झाल्याने पडला नाही. दार उघडल्यानंतर आई आणि मूल यांच्यामध्ये जे घडले त्याने पडला. दोन वर्षांअखेर आहार आणि खेळ या दोहोंचा लाभ दिसून आला व ज्यांना दोन्ही मिळाले ती मुले निरोगी वाढीच्या मुलांच्या जवळपास पोचली. पुढे वर्षे गेली तशी बुद्धीच्या चाचण्यांतील पूरक आहाराचा परिणाम ओसरला. खेळ आणि संवादाचा परिणाम मात्र टिकला. ही मुले २२ वर्षांची झाली, तेव्हा खेळाचा लाभ मिळालेल्यांची कमाई तो न मिळालेल्यांपेक्षा सरासरी २५ टक्के अधिक असल्याचे आढळले. २०१४ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मारामारी व हिंसाचारातील त्यांचा सहभागही कमी होता.

आहार अनावश्यक आहे, असा अर्थ यातून कोणीही काढू नये. भुकेल्या मुलाला खेळ सुचत नाही. परंतु ताटात घास पडला म्हणजे संगोपनाचे काम पुरे झाले, ही समजूत अपुरी आहे, एवढे यातून निश्चित होते. या प्रयोगातील खेळणीही विकत आणलेली नव्हती. रिकाम्या बाटल्या, पुठ्ठे, कापडाचे तुकडे अशा टाकाऊ वस्तूंतूनच ती तयार केलेली होती.

गडचिरोलीचे आरोग्यदूत

बाळाचे मन घडण्यापूर्वी बाळ जगले पाहिजे. या पहिल्या पायरीवर महाराष्ट्राने जगाला दिलेले योगदान मोठे आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बाळंतपणे घरीच होत, रुग्णालय दूर असे आणि आजारी नवजात बाळाला घराबाहेर काढण्यास कुटुंबे तयार नसत. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत होणारे मृत्यू हा बालमृत्यूंचा मोठा हिस्सा होता. बाळ रुग्णालयात येत नसेल तर उपचार बाळाच्या घरी गेले पाहिजेत, हा निष्कर्ष त्यातून निघाला.

३९ गावांत हा प्रयोग करण्यात आला आणि तुलनेसाठी ४७ गावांची पाहणी ठेवण्यात आली. १९९३ पासून दोन वर्षे मूळ स्थिती नोंदवून, १९९५ ते १९९८ या काळात प्रत्यक्ष सेवा देण्यात आली. गावातीलच थोडे शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना प्रशिक्षण मिळाले. बाळंतपणाच्या वेळी हजर राहणे, बाळाचे वजन व तापमान घेणे, त्याला उबदार ठेवणे, स्तनपान नीट होते की नाही हे पाहणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला मदत करणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून कुटुंबाच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, ही कामे त्या करू लागल्या. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा घरोघरी नवजात बालसेवेचा प्रश्न जागतिक पातळीवर चर्चेत आला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००९ मध्ये नवजात बाळासाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली.

या यशाचे मर्म केवळ इंजेक्शनात नव्हते. आरोग्यदूत ही त्याच गावची सून वा लेक होती. तिची भाषा तीच, चूलही तीच. बाळाला जन्मताच आंघोळ घालू नये, पहिले चिकाचे दूध टाकून देऊ नये, हे ती सासूबाईंना त्यांचा मान राखून सांगू शके. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला जे सांगण्यास बराच काळ लागला असता, ते ती ओसरीवर बसून सांगत असे.

आजची व्यवस्था

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर २००५ मध्ये ‘आशा’ कार्यकर्तीची योजना आली आणि २०११ मध्ये घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम देशभर लागू झाला. त्यानुसार रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी अपेक्षित आहेत. बाळंतपण घरी झाले असल्यास पहिल्याच दिवशीची आणखी एक भेट असते. २०१८ मध्ये लहान मुलांसाठी घरोघरी सेवेचा कार्यक्रम त्याला जोडण्यात आला व वयाच्या ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांतील पाच भेटी त्यात आल्या. पूरक आहार, लसीकरण, लोहद्रव्य आणि विकासाची लक्षणे यांबरोबरच बाळाशी खेळणे व बोलणे हाही या भेटींचा विषय आहे. अंगणवाडी सेविकेच्या गृहभेटी याखेरीज असतात. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या विकासासाठी केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०२४ मध्ये ‘नवचेतना’ हा आराखडा जाहीर केला. त्यात वयाच्या ३६ महिन्यांसाठी टप्प्याटप्प्याने करावयाच्या कृती दिलेल्या आहेत.

म्हणजे व्यवस्था कागदावर आहे, माणसेही आहेत. प्रश्न आहे तो भेटीच्या आतल्या आशयाचा. वजन लिहिले, खूण केली, सही घेतली आणि पुढचे घर गाठले, अशी भेट झाली तर जमैकातील नोंद घेण्यापुरत्या भेटीत आणि तिच्यात फरक उरत नाही.

मर्यादांचे भान

गृहभेट म्हणजे सर्व दुखण्यांवरील रामबाण उपाय नव्हे. एल्मायराच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये २००७ पासून राबवलेल्या कार्यक्रमाची मोठी चाचणी झाली. १९ वर्षे व त्याखालील वयाच्या १,६०० हून अधिक पहिलटकरणींचा त्यात समावेश होता. गरोदरपणातील धूम्रपान, बाळाचे जन्मवजन, दोन वर्षांच्या आत पुन्हा गर्भधारणा आणि मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागणे, या चारही प्रमुख कसोट्यांवर भेटींमुळे फरक पडल्याचे दिसले नाही. त्या देशात प्रत्येक मातेला दाई व आरोग्यभेट सेवा आधीपासूनच मोफत मिळते. त्यामुळे तेथे पोकळीच लहान होती, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. मुले शाळेत जाऊ लागल्यावर मात्र शाळेसाठीच्या त्यांच्या तयारीत काही लाभ आढळून आला. यावरून असे दिसते की, जेथे दुसरी कोणतीही मदत पोचत नाही, तेथे गृहभेटीचे मोल सर्वाधिक असते.

दुसरा प्रश्न भेटीला कोणी जावे, हा. डेन्व्हर येथे १९९४ पासून झालेल्या प्रयोगात परिचारिका आणि अल्पशिक्षित प्रशिक्षित कार्यकर्त्या यांची तुलना करण्यात आली. ज्या बाबतींत परिणाम दिसला, त्यांत कार्यकर्त्यांच्या भेटींचा परिणाम परिचारिकांच्या तुलनेत साधारण निम्मा होता. गडचिरोली आणि जमैका येथील अनुभव मात्र गावातील स्त्रीही हे काम उत्तम करू शकते, असे सांगतो. या दोन्हींत दिसतो तेवढा विरोध नाही. या दोन ठिकाणी काम नेमके ठरवून दिलेले होते, प्रशिक्षण पुन्हा पुन्हा होत होते आणि पाठीशी जाणकार पर्यवेक्षक होता. पदवीची उणीव चांगल्या पर्यवेक्षणाने पुष्कळ अंशी भरून निघते; पर्यवेक्षणाची उणीव पदवीने भरून निघेलच असे नाही.

तिसरा प्रश्न खर्चाचा. ओडिशातील कटक शहराच्या झोपडवस्त्यांत जमैकाच्या पद्धतीने ४२१ मुलांसह प्रयोग झाला. स्थानिक स्त्रियांनी १८ महिने दर आठवड्याला भेटी दिल्या आणि मुलांच्या बौद्धिक विकासात लक्षणीय वाढ दिसली. त्याच राज्याच्या ग्रामीण भागात घरोघर भेटी आणि मातांचे लहान गट यांची तुलना झाली असता दोन्हींचा लाभ जवळपास सारखा आणि गटाचा खर्च बराच कमी आढळला. यास्तव सर्वसाधारण कुटुंबांसाठी मातांचे गट आणि जोखमीच्या कुटुंबांसाठी प्रत्यक्ष गृहभेट, अशी विभागणी केल्यास उपलब्ध मनुष्यबळात जास्त काम होऊ शकते. जी माता गटात येत नाही, तिच्याच घरी बहुधा भेटीची गरज सर्वांत जास्त असते.

चांगली भेट कशी असते?

यशस्वी ठरलेल्या कार्यक्रमांतून भेटीची एक साधी रीत तयार झाली आहे. घरात पाऊल टाकताच कार्यकर्ती प्रथम आईची विचारपूस करते. बाळाची चौकशी त्यानंतर. आई झोपली का, जेवली का, तिला काय दुखते, हे विचारण्यात पाच मिनिटे जातात. ती पाच मिनिटे पुढच्या सर्व बोलण्याला आधार देतात. मग मागील भेटीत सुचवलेली गोष्ट जमली का, कोठे अडले, हे ती विचारते. जमली नसेल तर दोष न देता अडचण समजून घेते.

त्यानंतर नवी कृती येते. नऊ महिन्यांच्या बाळासमोर वाटी उपडी करून तिच्याखाली वस्तू लपवणे, वर्षाच्या मुलाला चित्र दाखवून नाव सांगणे, दीड वर्षाच्या मुलाला झाकणे एकावर एक रचू देणे, अशी ती कृती घरातल्याच वस्तूंची असावी. कार्यकर्ती ती एकदा करून दाखवते आणि लगेच आईच्या हाती देते. भेटीचा मोठा भाग आई आणि मूल खेळत आहेत व कार्यकर्ती पाहत आहे, असा गेला पाहिजे. मुलाचे डोळे आईकडे लागले, मुलाने आवाज काढला आणि आईने त्याला उत्तर दिले, की तेथल्या तेथे कौतुक करावे. ‘मला हे येते’ हा विश्वास आईच्या मनात निर्माण होणे, हेच भेटीचे फलित. कार्यकर्तीनेच मुलाला उत्तम खेळवले आणि आई कौतुकाने पाहत राहिली, तर कार्यकर्ती निघून गेल्यावर घरात काहीच उरत नाही.

घरात आधीपासून असलेल्या चांगल्या रीतींची दखल घेणेही तितकेच महत्त्वाचे आहे. तेल लावून अंग चोळताना बाळाशी बोलणे, आजीची बडबडगीते, अंगाईगीते, मांडीवर बसवून बोटे मोजणे, हे सारे बालविकासाचेच व्यायाम आहेत. कार्यकर्तीने त्यांना नाव आणि मान दिला, की आजी विरोधक न राहता सहकारी होते. वडिलांना मात्र मुद्दाम बोलवावे लागते. भेट ते घरी असतील अशा वेळी ठेवली आणि एखादी कृती त्यांच्याकडे सोपवली, तर संगोपन हे केवळ बायकांचे काम, ही समजूत हळूहळू ढिली होते.

अडचणी आणि मर्यादेचे प्रश्न

भेटीला जाणाऱ्या स्त्रीला घरातील अनेक गोष्टी दिसतात. त्या चावडीवर जाता कामा नयेत. कोणाच्या घरी काय चालते, हे एकदा बाहेर पडले तर सारे गाव दारे लावून घेईल. मात्र मुलाच्या किंवा आईच्या जिवाला धोका दिसत असेल, तर गोपनीयतेच्या नावाखाली गप्प बसणेही योग्य नव्हे. कार्यकर्तीने अशी बाब आपल्या पर्यवेक्षिकेला कळवावी. संकटातील बालकासाठी १०९८ हा क्रमांक आहे. मदत आणि पाळत यांतील सीमारेषा बारीक असते. कार्यकर्ती तपासनीस आहे असे कुटुंबाला वाटले, की तिला आवडेल तेवढेच तिच्यासमोर मांडले जाते.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण ठळक आहे, ती स्थलांतराची. ऊसतोडणी, वीटभट्टी आणि बांधकाम यांसाठी कुटुंबे मुलाबाळांसह गाव सोडतात. गावातील नोंदवहीत बाळ ‘बाहेरगावी’ होते आणि कारखान्याच्या तळावरील नोंदवहीत ते आलेलेच नसते. जन्मानंतरच्या अकरा भेटींपैकी निम्म्या अशा रीतीने हवेत विरतात. ज्या मुलाला भेटीची गरज सर्वांत जास्त, तेच दोन गावांच्या मध्ये हरवते. जाण्यापूर्वी माता व बाल संरक्षण कार्ड पुरे करून आईच्या हाती देणे आणि जेथे कुटुंब जाणार तेथील आरोग्य केंद्रास कळवणे, एवढे झाले तरी साखळी तुटत नाही.

कार्यकर्तीवरील भारही नजरेआड करून चालणार नाही. एकीच्या अंगावर अनेक योजनांच्या नोंदी असतील, मोबदला उशिरा मिळत असेल आणि वाडीपर्यंत चालत जावे लागत असेल, तर भेटीतील तास आपोआप दहा मिनिटांचा होतो. अशा वेळी दोष कार्यकर्तीला देणे सोपे आहे. तिच्या कामाची यादी तपासणे अधिक उपयोगाचे आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

ग्रामपंचायत सदस्यांनी आशा व अंगणवाडी सेविका यांच्यासमवेत बसून, नावे जाहीर न करता, जास्त भेटींची गरज असलेली घरे निश्चित करावीत. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठकीत भेटींची संख्या विचारली जाते. त्याबरोबर दोन प्रश्न आणखी विचारावेत : कोणत्या घरी भेट झाली नाही आणि का? जन्मवजन कमी असलेल्या बाळांच्या जादा भेटी पूर्ण झाल्या काय? दूरच्या वाडीवर जाण्यासाठी वाहनाची सोय, टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचा एखादा दिवस, मजूर स्त्रियांना सोयीची सायंकाळची वेळ, या गोष्टी पंचायतीच्या आवाक्यातील आहेत.

शिक्षकांचा वाटाही लहान नाही. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलाची धाकटी भावंडे घरी असतात. पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर घरातील लहानग्यांशी बोलण्याचा, गोष्ट सांगण्याचा विषय निघाला, तर उद्याच्या पहिलीच्या वर्गाची तयारी आजच सुरू होते. शाळा सोडून लग्न झालेली कालची विद्यार्थिनी आज अल्पवयीन माता असू शकते. तिची माहिती शिक्षकालाच प्रथम असते.

अधिकाऱ्यांनी महिन्यातून एखादी भेट कार्यकर्तीबरोबर प्रत्यक्ष पाहावी. नोंदवही कार्यालयात बसूनही तपासता येते. आईच्या हातात खेळणे गेले की नाही, हे ओसरीवर बसल्यावरच कळते. कार्यकर्तीलाही अशा वेळी चुका काढणारा वरिष्ठ नको असतो. तिने आईला जसा धीर द्यावा अशी अपेक्षा आहे, तसाच धीर तिला वरून मिळाला, तर तोच पुढे घराघरांत पोचतो.

रस्ता, इमारत, पाणीपुरवठा यांची कामे डोळ्यांना दिसतात आणि त्यांचे उद्घाटनही होते. एका आईने आपल्या बाळाशी बोलायला सुरुवात केली, याचे उद्घाटन होत नाही. जमैकात त्याचा हिशेब लागायला वीस वर्षे जावी लागली. पण तो लागला. गावोगावी आज ज्या भेटी होत आहेत, त्यांचाही हिशेब असाच पुढच्या पिढीच्या वर्तनात, शिक्षणात आणि कमाईत लागणार आहे. तो चांगला लागावा यासाठी नवी योजना आणण्यापेक्षा, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या घरी पुरेसा वेळ देऊन जाणे, हेच पहिले काम आहे.